गवत बंद

शेवटचा स्क्रू दिव्याने आवळला आणि कम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडंच ठेवलं.

"दाब बटन," ती भावाला म्हणाली.

लोकेशने बटन दाबलं. नव्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा फिरू लागला. नवं म्हणजे आपलं म्हणायला नवं. कुणाच्या तरी मशीनमधून निघालेलं ते कार्ड दिव्याने चंद्रपूरच्या एका दुकानातून आणलं होतं. कम्प्युटरही तसाच, एका ऑफिसने भंगारात काढलेला. त्यात मोठं कार्ड मावत नव्हतं आणि त्याच्या पॉवर सप्लायला ते झेपलंही नसतं. म्हणून जास्तीची वायर न लागणारं बुटकं कार्ड तिने हुडकून काढलं. सोबत रॅमची एक पट्टी घेतली. एवढ्यात मायलेकींनी या हंगामात वेचून विकलेल्या मोहफुलांचे सगळे पैसे संपले.

गावाने नावं ठेवलीच. गावाचं काय जातं? शेजारचे दसरूकाका तर दारात येऊन बोलले. "शिलाई मशीन घ्याची सोडून गेमचा डब्बा सजवून राह्यले का, सोमारीबाई? पोरगं अजून बिघडन."

सोमारी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "माह्या पोराले वाघानं सोडलं, दसरूभाऊ. आता तुमी काऊन धरून राह्यले?"

दसरूकाका आल्या पावली परत गेले.

मागच्या वर्षी मोह वेचताना लोकेशला वाघाने धरलं होतं. झाडाखालची जमीन झाडून साफ केलेली आणि पलीकडे कमरेएवढं वाळकं गवत. त्या गवतातून जनावर आलं. बायकांनी बोंब ठोकली, काठ्या आपटल्या, तेव्हा खांदा सोडून ते निघून गेलं. जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता कुठलंही काम करायला हरकत नाही. पण लोकेश गावच्या विहिरीच्या पुढे गेला नाही. रानात चल म्हटलं की त्याचा खांदा दुखू लागायचा.

दिवसभर तो घरात गेम खेळायचा. जंगलातला गेम, दोन टोळ्यांच्या लढाईचा. खेळायचाही झकास. फक्त त्याचं जंगल बोडकं होतं. झाडं तेवढी उभी आणि खाली सपाट माती. दिव्याने एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "जुनं कार्ड हाये. गवत लावलं का मशीन अटकते."

आता गेम उघडला. अडखळला नाही, सुरळीत पळाला. जमीन मात्र बोडकीच.

"गवत कुठी हाये?" दिव्याने विचारलं.

"राहू दे ना. बिना गवताचं बरं असते. दुश्मन दुरून दिसते."

"कार्ड नवीन हाये."

"हाये ना. पण..." लोकेश शब्द शोधू लागला. कार्डावर ढकलायची सोय आता राहिली नव्हती.

दिव्याने माऊस त्याच्यापुढे सरकवला. "लाव."

"नाई लावत, जा."

"उन्हातान्हात मोह वेचला म्या. थो काय हे बोडकं रान पाहाले? लाव म्हणते ना!"

सोमारी चुलीपुढून उठून मागे येऊन उभी राहिली. लोकेशने सेटिंग उघडलं. सगळ्यात खाली होतं, गवत: बंद. त्याने माऊसचा बाण तिथे नेला आणि परत मागे घेतला. दिव्याला ते दिसलं. तरी तिने हात पुढे केला नाही. हे त्याचं त्यानेच करायला हवं होतं.

त्याने गवत चालू केलं.

पडद्यावर चहूकडून गवत उठलं. कमरेएवढं, पिवळं, वाऱ्यावर हलणारं. लोकेश ताडकन उभा राहिला. स्टूल मागे पडलं. तो दाराकडे वळला तर दारात दिव्या. तिने दोन्ही हात चौकटीला लावले होते.

"सरक."

"नाई सरकत."

तो तिच्याकडे डोळे फाडून बघत राहिला. मग पुटपुटत माघारी फिरला, स्टूल उचललं आणि बसला. त्याने आपला गडी गवतात घातला. आत दबा धरून बसलेल्या दुश्मनाने त्याला लगेच गारद केलं. पडदा लाल झाला.

"थांब साल्या," लोकेश दातओठ खात म्हणाला आणि पुन्हा शिरला. पुन्हा मेला. पुन्हा शिरला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो आता मागे फिरत नव्हता. दिव्या दारातून बाजूला झाली तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिडीसाठी तेंदूची पानं तोडायला सुरुवात होती. पहाटे गावाच्या टोकाला सगळे जमले. मागून लोकेश आला, खांद्यावर फडकं, हातात काठी.

"मले काऊन नाई उठवलं?" तो आईवर खेकसला.

दसरूकाका बघतच राहिले. "अबे, तू कुठी?"

"पानं तोडाले. गेम काय दिवसभर खेळते काय कोणी?"

आणि तो सगळ्यांच्या पुढे चालू लागला. वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत होतं. तिथे त्याची पावलं जड झाली, काठीवरची मूठ घट्ट झाली. पण तो थांबला नाही.

सोमारीने पदराने डोळे पुसले. "पैसे वाया नाई गेले, पोरी. नवीन कार्डानं त्याले गवत दाखवलं."

दिव्या भावाच्या पाठीकडे बघत चालत होती.

"गवत जुन्या कार्डावर बी न अटकता दिसत होतं, माय," ती हळूच म्हणाली. "थो झोपला असताना म्या कवाच लावून पाह्यलं होतं."