व्हॅनवालीचा फोटो

लेकाच्या बोटाला हाड नव्हतं. जिभेचं एक वेळ ठीक. सैल जिभांना वठणीवर आणण्यात फौजदारबाईंची हयात गेली होती, म्हणून तर अख्खी इमारत त्यांना त्या नावाने ओळखायची. पण बोटाचं काय करणार? चाळिशी ओलांडलेला बाप्या, आणि जेवताना उजव्या हाताने घास, डाव्या अंगठ्याने फोन. कुणाचं पोर पास झालं, दे अंगठा. कुणाची आजी गेली, दे अंगठा.

"अरे, माणूस गेलं त्यांचं, आणि शाबासकी कसली देतोस?" त्या विचारायच्या.

"शाबासकी नाही गं आई. बघितलं, एवढाच अर्थ."

आणि जे दिसेल ते चार जणांकडे ढकलून मोकळा व्हायचा.

त्या संध्याकाळी फौजदारबाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. सून धापा टाकत वर आली.

"आई, शाळेच्या व्हॅनवालीला काढतायत. खाली हॉलमध्ये सगळे आईबाप जमलेत. हेच पुढे आहेत."

"काय केलं तिने?"

"एका पोराला रस्त्यात एकटं सोडून निघून गेली म्हणे. हा बघा फोटो. ह्यांनीच सगळ्यांना पाठवलाय."

फोटोखाली भलामोठा मजकूर होता. शाळेचं तोंड जेमतेम दुसरीपर्यंत बघितलेल्या फौजदारबाई तो लावत बसल्या नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि नुसतं चित्र दोन बोटांनी ताणून मोठं केलं. वळणावर व्हॅनची पाठ. फुटपाथवर एक पोरगं, तोंड पलीकडे. पाठीवर दप्तर. दप्तराचा एक पट्टा निळा, दुसरा पिवळ्या फुलांचा.

त्यांनी मान वर केली. खिडकीला पिवळ्या फुलांचा पडदा होता. त्याच्याच उरलेल्या कापडातून नातवाच्या दप्तराचा तुटका पट्टा त्यांनी याच यंत्रावर शिवला होता.

सुनेनेही बघितलं आणि ती मटकन खाली बसली. "अगं बाई, हा तर आपला..."

"बसू नकोस. त्याला आणायला तुला कधी उशीर झाला होता?"

"कधीच नाही, आई. मी आधीच जाऊन उभी असते. मंगळवारी तेवढी डॉक्टरांकडे गेले होते, म्हणून हे..."

"चल," फौजदारबाई म्हणाल्या. पायात चप्पल घालायचंही त्यांना सुचलं नाही.

हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि आवाज जास्त होते. लेक मधोमध उभा होता. व्हॅनवाली भिंतीला टेकून, हातात गाडीच्या किल्ल्या घट्ट धरून.

"पोरगं उतरलं तेव्हा न्यायला कुणी आलं नव्हतं. रस्ता अरुंद, मागे गाड्यांची रांग लागली होती," ती सांगत होती. "गाडी वळणापलीकडे घेतली, मदतनीस बाईला पोरांपाशी बसवलं आणि मी धावत मागे आले. वडील येईपर्यंत त्याच्याजवळ उभी होते. ते आले ते फोनवर बोलतच. पोराचा हात धरला आणि गेले. मला त्यांनी बघितलंही नसेल."

"कुणाचे वडील? नाव सांगा ना," कुणीतरी ओरडलं.

"नाव कशाला? उशीर कुणालाही होतो. ही गाडी गेली तर माझं घर बसेल, एवढं बघा."

"नाव नाही म्हणजे थाप आहे," लेक म्हणाला. तिचं बोलणं त्याने ऐकलं असेल तर देव जाणे. त्याची नजर फोनवरच होती. "शेकडो जणांनी लाइक केलंय, शेअर केलंय. सगळे काय वेडे आहेत?"

फौजदारबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "ज्यांनी अंगठा दिलाय, त्यातल्या कुणी हे डोळ्यांनी बघितलं?"

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

"मग ग्वाही कशाची दिलीत?"

"ग्वाही कसली, आजी," एक बाप चाचरत म्हणाला. "तुमच्या लेकाने पाठवलं म्हणजे खरंच असणार. शहाणा माणूस आहे."

"असं वाटायचं मलाही." त्यांनी सुनेच्या हातातला फोन घेऊन लेकाच्या नाकासमोर धरला. "दप्तर बघ."

"आई, तू वर जा बघू. तुला यातलं..."

"पट्टा बघ."

त्याने बघितला. मग फोटोतलं पोरगं बघितलं. हळूहळू त्याची मान व्हॅनवालीकडे वळली. तिला तो नीट असा आत्ताच बघत होता. ती जमिनीकडे बघत होती. भरल्या हॉलमध्ये तिने अजूनही कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं.

"तो फोटो काढून टाकतो," तो पुटपुटला. "आत्ताच काढतो."

"तुझं पोर हिने रस्त्यावर सांभाळलं, तुझी अब्रू इथे सांभाळली," फौजदारबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "फोन खिशात घाल आणि तोंड उघड. तो बाप कोण, ते ही बाई सांगणार नाही. तू सांग."