चोरीचं रेकॉर्डिंग

गारगोटीच्या घरी कॅमेरे बसवून, माईक जोडून, रेकॉर्डिंगचा डबा नेटवर्कला लावून प्रसेनजीत पुण्याला निघाला, तेव्हा आईनं विचारलं, "मी बोललेलं तू कधी ऐकणार?"

"चोरीबिरी झाली तरच."

पंधरवड्यात तिचा फोन आला, "घरात चोरी झालीया." तो धावत आला. कडी-कपाट शाबूत होतं. बुचकळ्यात पडून त्यानं सगळं रेकॉर्डिंग पाहिलं. चोर कुठंच दिसेना. रोज सांजेला आईच तेवढी कॅमेऱ्यापुढं पाट टाकून बसायची आणि विचारायची, "जेवलास काय रं?"

"आई, चोरीला गेलंय तरी काय?"

"काय बी न्हाय," ती भाकरी थापत म्हणाली. "सगळं ऐकलंस न्हवं? मग आता सांग की, जेवलास काय?"