फॅक्टरीतून निघाली तशी

कालच बसवलेले सीट बेल्ट गॅरेजच्या फरशीवर पडले होते. नीट गुंडाळी करून ठेवल्यासारखे. कुमुदताई वैतागल्या.

"अहो, पुन्हा बाहेर टाकले बघा हिने!"

अच्युतराव मात्र खूश झाले. स्मृतिलेप लावल्यापासून त्यांची जुनी मोटार फॅक्टरीतून निघाली तशीच राहत होती. तिला गंज चढत नव्हता, आणि मागाहून बसवलेली प्रत्येक वस्तू ती आपणहून बाहेर ढकलत होती. आधी एसी गेला, मग नवा हॉर्न. दसऱ्याला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक तर एकही रेघ न मोडता फरशीवर उतरलं होतं.

"जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातले परीक्षक बदललेला स्क्रूसुद्धा चालवून घेत नाहीत," ते म्हणाले. "गाडीला कळतं ते तुला कळत नाही."

"नसू दे. पण तिला ढकलत बसू नका. छातीत पेसमेकर आहे, विसरू नका," असं बजावून कुमुदताई बहिणीकडे गेल्या.

दुपारभर अच्युतरावांनी गाडी पुसली. दमल्यावर ते आत स्टिअरिंगसमोर बसले. सीट गार होती, त्यांचा डोळा लागला.

संध्याकाळी कुमुदताई परतल्या, तेव्हा फाटकापर्यंत जुन्या हॉर्नचा आवाज येत होता. थांबतच नव्हता.

"अहो, पुरे की आता! शेजारी काय म्हणतील?" असं ओरडतच त्या गॅरेजमध्ये शिरल्या.

फरशीवर, नेहमीच्याच जागी, एक चपटी चकचकीत डबी पडली होती. तिच्या वायरी नीट गुंडाळलेल्या होत्या. रक्ताचा डागसुद्धा नव्हता.