पलीकडे गेलेला मॅनेजर

"गेला! पलीकडे गेला तो!" राज मोबाइल नाचवत स्टेजजवळ आला. "आपला मॅनेजर फोडला त्यांनी. सहीपण झाली!"

शिडीवर उभं राहून कमानीला झेंडूच्या माळा बांधणाऱ्या रोहितच्या हातातून तार निसटली.

दोघांचा आवडता फुटबॉल क्लब एकच. तो क्लब इंग्लंडात आणि हे दोघे नाशिकात, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, संध्याकाळच्या रिसेप्शनची सजावट करत. पण 'आपला' म्हणताना त्यांना कधी समुद्र आडवा आला नाही. त्याच शहरात दुसराही एक क्लब होता. त्याचं नाव घेणं दोघांनाही कमीपणाचं वाटायचं. ते 'पलीकडचे' म्हणत आणि विषय संपवत.

आज मात्र 'पलीकडे' हा शब्द रोहितला झोंबला. त्र्यंबक रोडच्या एका डेकोरेटरला त्याने होकार देऊन टाकला होता. एक तारखेपासून तिथे मॅनेजर. हे राजला सांगायचं राहिलं होतं. आणि राजचे वडील सावळीराम नाना, हा सगळा धंदा ज्यांचा आणि ज्यांनी रोहितला सुईत दोरा ओवण्यापासून शिकवलं, त्यांच्या नजरेला नजर देणं तर त्याने सोडूनच दिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत लग्नसराई निम्मी सरली.

"तू गप्प का रे?" राजने वर पाहिलं. "एरवी मला बोलू देत नाहीस."

ते खरंच होतं. फुटबॉलवर गप्प बसलेला रोहित आजवर कोणी पाहिला नव्हता. गप्प राहिलो तर याला शंका येईल, असं वाटून तो बोलायला लागला. आणि एकदा लागल्यावर त्याचा त्यालाच आवर राहिला नाही.

"नमकहराम आहे साला! आपल्याकडे आला तेव्हा कुत्रं तरी ओळखत होतं का त्याला? ज्यांनी उभा केला, त्यांनाच लाथ मारली. आणि जायचंच होतं तर तोंडावर सांगायचं ना! परवापर्यंत म्हणत होता, मी कुठे जात नाही. असल्या माणसाला परत मैदानात पाय ठेवू देऊ नये."

"आता कसं बोललास!" राजचा चेहरा खुलला.

खाली ताडपत्रीवर नाना माळा ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली. "कोण रे? कोणाला शिव्या देऊन राहिले?"

राजने त्यांना दोन वाक्यांत सगळं समजावलं.

"मग गेला तर गेला," नाना म्हणाले. "त्याला बी पोरंबाळं असतील. इतकी वर्षं घाम गाळला ना तुमच्यासाठी? मग लगेच नमकहराम कसा होतो?"

"नाना, तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"नाय कळत, बाबा."

"पण सांगून तरी जायचं," रोहित वरून म्हणाला. आपण हे का बोलतोय ते त्याला कळत नव्हतं. तोंड थांबत नव्हतं एवढंच.

"जीभ उचलत नसंल त्याची," नाना सुईकडे बघत म्हणाले. "लाज वाटत असंल."

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो आला. शेवंतीचे क्रेट उतरवायला राज पळाला.

"रोहित, खाली ये."

रोहित उतरला. नानांनी ओवणं थांबवलं नाही.

"त्र्यंबक रोडवाल्यांचा फोन आला होता मला. माणूस कसा हाय, विचारत होते."

ते लोक नानांनाच विचारतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं तर नाशिकात डेकोरेटर कामाला माणूस घेतो, तो आधीच्या मालकाला विचारूनच. हे त्याने नानांच्याच शेजारी बसून कितीदा ऐकलं होतं.

"म्हटलं, डोळे झाकून घ्या. कामाला वाघ हाय, हातात कला हाय. फुटबॉलचं लय बोलतो, तेवढं सोसा."

नाना हसलेही थोडे. रोहितला वाटलं, यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मघाचा आपलाच आवाज त्याच्या कानात घुमत होता. शिडीवर उंच चढून, सगळ्या लॉन्सला ऐकू जाईल असा. आणि खाली बसून हा माणूस ते ऐकत होता, सगळं माहीत असून. वर रोहितचीच बाजू घेत होता.

"नाना, मी सांगणारच होतो."

हे वाक्य त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

"मला नको सांगू. राजला सांग. तो तुला भाऊ मानतो. माझ्याकडून कळलं तर त्याला लय लागंल."

राज शेवंतीचा क्रेट घेऊन आला, तो धाडकन खाली ठेवून त्याने पुन्हा मोबाइल काढला. "चार नावं आलीत बघ आपल्याकडे यायला. मला तर एकही पटत नाही." बाहीने घाम पुसत त्याने रोहितच्या खांद्यावर हात टाकला. "बोल ना. त्या हरामखोराच्या जागी आता कोण आणायचा?"

नानांचा हात थांबला.

रोहितने राजचा हात आपल्या खांद्यावरून हलकेच काढला. "राज, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला.