ठेंगणं दार

पाहुण्याचं कपाळ चौकटीच्या वरच्या लाकडावर आदळलं, तसा भाकरी थापणाऱ्या रंगुबाईचा हात थांबला. उंबऱ्याच्या आत एक उंच सावली कपाळ धरून उभी होती. रंगुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला माणसं सावल्यांसारखीच दिसत.

“आये, मी बिराप्पा,” सावली म्हणाली. आवाज भरदार होता, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

रंगुबाई उठली नाही. हे शब्द तिने चार वर्षांत इतक्या वेळा मनातल्या मनात ऐकले होते, की आता तिला आपल्याच कानांची भीती वाटली.

बिराप्पा तिचा एकुलता एक. सतराव्या वर्षी अठरा सांगून तो साताऱ्याला भरतीला गेला होता. शिपायाला लागते तेवढी उंची भरली नाही, म्हणून त्याला लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी म्हणून घेतलं. वर्षाच्या आत तार आली, आफ्रिकेच्या लढाईत बेपत्ता. लढाई संपली, आसपासच्या गावांतले वाचलेले लोक परतले, तिखटमीठ लावून गोष्टी सांगू लागले. रंगुबाई रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या थापायची आणि दुसरी कुत्र्याला घालायची.

तिचा दीर कोंडीबा आवाज ऐकून आला आणि सवयीनं कमरेत वाकून आत शिरला.

“कोण म्हणायचं हे?”

“बिरा म्हणतोय,” रंगुबाई हळूच म्हणाली.

“ह्यो?” कोंडीबानं त्याला खालून वर न्याहाळलं. “गड्या, आमचा बिरा कोंबड्याएवढा व्हता. तू तर आढ्याला लागलायस.”

“मी उशिरा वाढलो, काका. कैदेतनं पळालो आन् इटलीच्या डोंगरात एका मेंढक्याच्या घरी लपलो. दीड वर्सं दूध पिलो, त्याची मेंढरं राखली. सा महिन्याला इजार आखूड व्हायची. पलटणीचा डाक्टर म्हणला, काही पोरं इशी गाठंस्तवर वाढत्यात.”

“मी सोळाव्या वर्षी व्हतो तेवढाच आज हाय,” कोंडीबा म्हणाला. “सतरा सरल्यावर वीतभर वाढणारा माणूस मी तरी बघितला न्हाई.”

तो माणूस सांगत राहिला. बापाचं नाव, कुत्र्याच्या तुटक्या कानाची हकिकत, उंची वाढावी म्हणून आई त्याला रोज सकाळी लिंबाच्या फांदीला लोंबकळायला लावायची ते. रंगुबाईच्या हातातलं पीठ वाळत गेलं.

“वैनी, पलटणीतली पोरं रातभर एकमेकाला घरचंच सांगत बसत्यात,” कोंडीबा आवाज खाली आणून म्हणाला. “शेजारच्या गावात असाच एक आला, मेलेल्याचं नाव घिऊन. म्हैनाभर म्हातारीच्या हातचं खाल्लं आन् मेंढरं घिऊन गेला. ती म्हातारी अजून दारात बसती.”

कोंडीबाचा यात काही स्वार्थ नव्हता, हे रंगुबाईला ठाऊक होतं. म्हणूनच ते लागलं.

तिनं अंथरुणाशी ठेवलेली काठी आणायला सांगितली. नवऱ्याची मेंढरामागची काठी. भरतीला जायच्या सकाळी तिनं बिराला काठीशी उभं करून त्याच्या टाळूपाशी कोयत्यानं खाच पाडली होती. त्यानंतर ती रोज त्या खाचेवर अंगठा फिरवून झोपायची. कोंडीबानं काठी त्या माणसाशेजारी उभी धरली. रंगुबाईनं चाचपडत हात वर नेला. खाच त्याच्या हनुवटीशी होती. वर सगळा अनोळखी चेहरा होता, दाढीचे खुंट असलेला. बिराला मिशीसुद्धा फुटली नव्हती.

“आन् दाराचं बघा की,” कोंडीबा म्हणाला. “ह्या घरचा माणूस डोळं मिटून वाकतो. ह्यानं आल्या आल्या कपाळ फोडलं.”

रंगुबाईनं हात मागे घेतला.

“जेवून जा, लेकरा,” ती म्हणाली. “पर त्याचं नाव परत घिऊ नगंस.”

तो जेवला नाही. पायांना हात लावायला वाकला, ती मागे सरकली, तेव्हा त्यानं नुसत्या जमिनीला हात लावला. पिशवी उचलली, बाहीनं डोळे पुसले आणि दाराकडे चालू लागला.

कपाळ पुन्हा चौकटीवर आदळलं.

कोंडीबाला हसू आवरेना. “आत्ताच फुटलं, तरी अक्कल न्हाई!”

रंगुबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढून तेवढ्यात एकेक जण त्या दारातून आत आला. तलाठी. तार घेऊन आलेला माणूस. देवीची लस टोचायला आलेला डॉक्टर, पाच फुटांचा असून टोपी धरून वाकलेला. पहिल्यांदा येणारा हे दार बघतो आणि आधी वाकतो. घरातले सगळे वाकतात. ती स्वतः लग्न होऊन आली त्या दिवसापासून वाकत होती.

“भावजी, हसू नगा,” ती म्हणाली. “परका माणूस वाकला असता.”

“म्हंजे?”

“ह्या दारातनं ताठ येणारा-जाणारा घरात एकच व्हता.”

ती धडपडत उठली, चुलीपुढची परात लवंडून, पिठाच्या हातांनी. अंगणात उंच सावली कपाळ धरून थांबली होती. तिचे हात त्याच्या खांद्यापर्यंतच पोचले. तिथून तिनं त्याची मान खाली ओढली आणि कपाळावरची दोन्ही टेंगळं चाचपली.

“आता वाकायला शीक रं, बिरा.”