नवी पाटी

उस्मानपुऱ्यातल्या घराची पुढची खोली विश्वजितनं जर्मन कंपनीचं भारतातलं ऑफिस म्हणून कागदावर दाखवली. गेटवरची 'अनंतराव पिशोरकर' ही पाटी उतरवून कंपनीची चकचकीत पाटी लावली आणि वडलांना बजावलं, "अण्णा, आज तपासणीला सरकारी साहेब येणारेत. इथं कुणी राहतं असं दिसलं, तर नोंदणी बोंबललीच समजा. तुम्ही आपले आत्याकडं जाऊन बसा."

अण्णा निघाले, पण गेटातच साहेबांची गाठ पडली.

"आजोबा, तुम्ही इथंच राहता का?"

अख्खी हयात कचेरीत घालवलेल्या अण्णांना कुठलं उत्तर चालतं, ते बरोबर ठाऊक होतं. पाटीखालच्या खुर्चीवर टेकत ते म्हणाले, "नाही साहेब, मी वॉचमन आहे."

साहेबांनी पाटीसकट फोटो काढला. नोंदणी झाली. तपासणीच्या अहवालाला जोडलेला तोच फोटो विश्वजितनं मोठ्या कौतुकानं जर्मनीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मेल आला. 'ऑफिस छान आहे. वॉचमन मात्र फारच म्हातारा वाटतो. बदलता येईल का?'



विश्वजितनं लगेच कळवलं, 'हो सर, एक तारखेपासून नवा ठेवतो.'