समुद्रावरची चुंबळ

“पुन्हा आमटी सांडली!” मोबाईलवर वाचताना द्वारकाबाई हळहळल्या. शिडाच्या बोटीवर संसार थाटलेल्या मराठी जोडप्याचा ब्लॉग भाचीनं पाठवला होता. बोट कलली की ओट्यावरचं पातेलं घसरायचं.

त्यांनी खाली लिहिलं, “पातेल्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ ठेव गं.”

“माणदेशात बसून समुद्रावरच्यांना शिकवतेस?” नवरा हसला.

“समुद्र नाही पाहिला, पण डोक्यावरची घागर कधी सांडू दिली नाही!”

आठवड्यानं ब्लॉगवर फोटो आला. बोट चांगलीच तिरकी, पण पातेलं चुंबळीवर ठाण मांडून बसलेलं. खाली ओळ होती, “द्वारकामावशी, आज पोटभर जेवलो.”

फोटो दाखवायला त्या ओसरीवर धावल्या, तर नवऱ्यानं तो ब्लॉग भजनी मंडळाच्या ग्रुपवर आधीच पाठवला होता. वर लिहिलं होतं, “सगळ्यांनी वाचा. चुंबळ आमच्या हिची आहे.”